साठ की आठ : आईच्या फोनच्या नोंदी

४ ऑगस्ट

आईच्या नेटवर्कचा मेसेज आला. ३१ ऑक्टोबरला थ्रीजी बंद होणार. टूजी त्यांनी आधीच गुंडाळलं आहे. आईचा फोन आठ वर्षांपूर्वीचा. इंटरनेट फोरजीवर चालतं, पण कॉल लावला की वरचं चिन्ह थ्रीजीवर उतरतं. म्हणजे नोव्हेंबरपासून त्या फोनवर व्हिडिओ दिसतील, पण साधा कॉल लागणार नाही आणि येणारही नाही.

दादाला कळवलं. तो म्हणाला, "एखादा चांगला फोन बघ आणि घेऊन टाक, दोन दिवसांचं तर काम." मला ते दोन दिवसांचं वाटत नाही, म्हणून ही वही उघडली.

कारण त्रास थ्रीजीच्या आधीपासूनचा आहे. गेली दोन वर्षं आईचे कॉल तोकडे होत चाललेत. पाच मिनिटं झाली की, "आवाज नीट येत नाही गं, ठेवते." मागच्या महिन्यात दवाखान्यातून तिला फोनवर नंबर सांगितला साठ. तिनं लिहून घेतला आठ. सकाळी सातपासून जाऊन बसली आणि दुपारी आत बोलावलं. आम्ही दोघांनीही तेव्हा एकच म्हटलं: आई, कान तपासून घे.

या कामाचा निकाल मी एकाच गोष्टीवर ठरवणार आहे. आईला तिच्या आतल्या खोलीत, तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसून अर्धा तास बोलता आलं पाहिजे.

५ ऑगस्ट

फोनच्या जाहिराती, तुलना, परीक्षणं अजून बघायची नाहीत. आधी नेटवर्क, मग प्लॅन, फोन शेवटी. लोक बहुधा उलट्या क्रमानं जातात. फोन आवडतो, तो घेतात, आणि घरात रेंज नाही म्हणून पुढची तीन वर्षं खिडकीत उभं राहून बोलतात.

९ ऑगस्ट, आईकडे

तीन नेटवर्कांची तीन सिमं घेऊन आले. अ म्हणजे आईचं आणि माझं, ब दादाचं, क साठी सगळ्यात छोट्या मुदतीचं नवं सिम घेतलं. तिन्ही आळीपाळीनं माझ्याच फोनमध्ये घातली, म्हणजे फोन बदलल्यामुळे फरक पडायला नको.

रेंजच्या दांड्यांवर विश्वास ठेवायचा नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे फोन बनवणारा आपापलं ठरवतो. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये 'फोनबद्दल' या भागात सिमच्या माहितीत मिळतो, डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची शक्ती डेसिबलमध्ये मोजायच्या एककात. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोरजीला उणे ९० च्या आसपास असेल तर निवांत, उणे ११० ला रडतखडत, उणे १२० ला असून नसल्यासारखं.

गॅलरीत अ उणे ८४, ब उणे ९३, क उणे ९१. इथं अ सरळ पुढे. आतल्या खोलीत, खुर्चीवर बसून, फोन कानाला लावतो त्या उंचीवर धरून मोजलं तेव्हा अ उणे ११८, ब उणे १०३, क उणे १२१.

हा मोजणीचा आकडा सरळ वजाबाकीनं वाचायचा नसतो. १० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत १० पट फरक. अ आणि ब यांच्यात खुर्चीपाशी १५ चा फरक आहे, म्हणजे ब चा सिग्नल तिथं सुमारे ३२ पट जास्त. गॅलरीत उभं राहून नेटवर्क निवडलं असतं तर मी आईसाठी अ च ठेवलं असतं.

आई बघत होती. म्हणाली, "मी त्या खोलीत बसते म्हणून तुम्हाला एवढा व्याप. मी बाहेर येऊन बोलत जाईन." नको म्हटलं. तिचा गुडघा, तिची खुर्ची, तिची पुस्तकं सगळं आत आहे. फोन तिथं चालला पाहिजे.

१० ऑगस्ट

रात्री ८ वाजता पुन्हा मोजलं. सिग्नलचे आकडे जवळपास तेच, पण क चा वेग दुपारच्या दहाव्या हिश्शावर आला. डीबीएम फक्त टॉवरचा आवाज किती मोठा ऐकू येतो ते सांगतो. त्या टॉवरभोवती किती जण एका वेळी बोलतायत ते त्यात दिसत नाही. म्हणून गर्दीच्या वेळीही मोजायचं. ब चा वेगही उतरला, पण व्हिडिओ कॉल न अडखळता झाला.

क बाद.

निघताना आईच्या जुन्या फोनवर डेटाचा मीटर शून्यावर आणून ठेवला. आठवडाभर तिला कुठलीही सवय बदलायला सांगायची नाही.

१२ ऑगस्ट

ब आतपर्यंत पोचतं आणि अ का नाही, हे आज नीट उलगडलं. फोननं कुठला बँड, म्हणजे लहरींचा कुठला ठरावीक पट्टा, पकडलाय ते दाखवणारं अ‍ॅप त्या दिवशी चालू ठेवलं होतं. अ तिथं बँड ४० वर होतं, म्हणजे २,३०० मेगाहर्ट्झ. ब बँड २८ वर, म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. कमी वारंवारतेच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतून कमी झिजून पार होतात. जास्त वारंवारतेवर डेटाला जागा भरपूर मिळते, पण पल्ला आखूड. आईच्या खोलीला बाहेरची एकही भिंत नाही. तिथं ७०० चंच काम.

फोनसाठी पहिली अट इथंच मिळाली: बँड २८ हवाच. एकाच नावाचा फोन वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या बँडांसह निघतो. खोक्यावरचं नाव तेच, मागचा मॉडेल क्रमांक वेगळा. बँडांची यादी त्या पूर्ण मॉडेल क्रमांकावरून बघायची.

दुसरंही एक कोडं सुटलं. आईची बॅटरी संध्याकाळी चारलाच माना टाकते आणि आम्ही ते बॅटरीच्या वयावर ढकलत होतो. सिग्नल क्षीण असला की फोन टॉवरपर्यंत पोचायला स्वतःची प्रक्षेपणशक्ती वाढवतो. फोरजी फोन साधारण २०० मिलिवॅटपर्यंत जातो. चांगल्या सिग्नलमध्ये त्याला याच्या हजाराव्या भागातही भागवता येतं. उणे ११८ मध्ये दिवसभर पडलेला फोन दिवसभर टाचा उंचावून उभा असतो. नवी मोठी बॅटरी घेऊन हे लपलं असतं, मिटलं नसतं.

१७ ऑगस्ट

सात दिवसांचा डेटा २.६ जीबी. २८ दिवसांना धरला तर साडेदहा जीबीच्या आत.

आत काय आहे ते आईला फोनवर विचारून विचारून वाचून घेतलं. अर्ध्याच्या आसपास डेटा तिनं वापरलेलाच नाही. ग्रुपवर येणारे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरतात, ती त्यातले निम्मे उघडतही नाही. रविवारी नातवंडांशी ४० मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला, त्याला २९० एमबी लागले, म्हणजे मिनिटाला सात एमबीच्या आसपास. बाकी गाणी आणि थोड्या बातम्या.

आपोआप उतरवणं बंद कसं करायचं ते सांगितलं. तिनं स्वतः केलं. आणखी एक आठवडा मोजू.

१८ ऑगस्ट

प्लॅनचं गणित. आज पूर्ण संध्याकाळ यातच गेली आणि ते योग्यच होतं, कारण फोन एकदा घ्यायचा असतो, रिचार्ज कायमचा.

मुदत आधी. २८ दिवसांच्या प्लॅनला आपण तोंडानं 'महिन्याचा' म्हणतो आणि मनात बाराने गुणतो. वर्षाचे दिवस ३६५, भागिले २८, तेरा रिचार्ज आणि वर एक दिवस. ८४ दिवसांचे चार केले तर ३३६ दिवस होतात, २९ उरतातच. म्हणून प्लॅनच्या किमती एकमेकींशेजारी ठेवायच्याच नाहीत. किंमत भागिले दिवस, एवढा एकच आकडा लिहायचा. सात प्लॅन असे लिहून काढले. दोन 'स्वस्त' प्लॅन रोजाच्या हिशेबात सगळ्यात महाग निघाले.

मग डेटा कसा मिळतो ते. रोज दीड जीबीचा प्लॅन म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी. ऐकायला मोठं. पण त्या दिवशी न वापरलेला डेटा मध्यरात्री संपतो. आईला लागतात दहा, तेही आता कमी होतील. उरलेल्या तीस जीबींचे पैसे ती भरणार आणि ते रोज रात्री विरून जाणार. तिला एकगठ्ठा डेटा हवा: मुदतभरासाठी एक साठा, हवा तेव्हा काढायचा. आठवडाभर काही नाही आणि रविवारी भरपूर, असा तिचा वापर आहे. ब कडे २८ दिवसांना ८ जीबी एकगठ्ठा असा प्लॅन आहे.

साठा संपल्यावर काय, हे बारीक अक्षरात असतं आणि तेच मुद्दाम वाचायचं. 'डेटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस'. एक एमबी म्हणजे ८० लाख बिट, सेकंदाला ६४ हजार बिट या वेगानं १२५ सेकंद. दोन एमबीचा एक फोटो चार मिनिटांहून जास्त. कागदावर इंटरनेट 'अमर्याद' राहतं, हातात काही येत नाही. तरी मला हे चालेल, कारण मजकुराचे निरोप जातील आणि कॉल डेटातून कापले जात नाहीत.

कॉल 'अमर्याद' असले तरी परदेशचे आणि विशेष क्रमांक त्यात धरतात का, तेही वाचलं. नाही धरत. आईला लागत नाहीत.

शेवटचं आणि सगळ्यात नाजूक: मुदत संपल्यानंतरचे दिवस. दोन वर्षांपूर्वी आई आजारी होती, रिचार्ज राहून गेला. आधी जाणारे कॉल थांबले, मग येणारेही. प्रीपेड क्रमांक ठरावीक काळ निष्क्रिय राहिला की नेटवर्क तो काढून घेतं आणि पुढे दुसऱ्या कुणाला देतं. तिच्या बँकेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. चौदा वर्षं जुना क्रमांक परक्या हातात जायला आठवडाच उरला होता. त्यामुळे लांब मुदत मला सवलतीसाठी नकोय, विसरण्याच्या संधी कमी करण्यासाठी हवीय. पण लगेच नाही. नेटवर्क बदलून बघायच्या आधी लांबचा रिचार्ज मारला तर अडकलो. क्रमांक दुसरीकडे नेताना जुनी शिल्लक मागेच राहते. पहिला रिचार्ज २८ दिवसांचा. पटलं तर ८४.

२४ ऑगस्ट, आईकडे

दुसऱ्या आठवड्याचा डेटा १.४ जीबी. ८ जीबीचा साठा पुरून उरेल.

आजची मुख्य नोंद वेगळी आहे.

मी वीस शब्द लिहून नेले होते, जोड्यांतले. साठ–आठ, सात–हात, सोड–फोड, सर–थर, शाल–हाल अशा दहा जोड्या, उलटसुलट क्रमानं. आधी फोनशिवाय. आईच्या पाठीमागे उभी राहिले, म्हणजे ओठ दिसायला नकोत, आणि नेहमीच्या आवाजात वाचले. तिनं लिहिले. वीसपैकी वीस.

मग मी गॅलरीबाहेर, ती गॅलरीत, तिचा जुना फोन, सिग्नल उत्तम. वीसपैकी बारा. जोडीतला कुठलाही एक शब्द डोळे मिटून लिहिला असता तरी सरासरी दहा आले असते. म्हणजे या फोनवर तिला ते अक्षर जवळजवळ ऐकूच येत नव्हतं. आतल्या खोलीत तर कॉल दोनदा तुटला, यादी पूर्ण झाली नाही.

कारण जुनं आणि साधं आहे. पारंपरिक फोन कॉल माणसाच्या आवाजातला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पाठवतो. स्वर त्यात येतात, म्हणून कोण बोलतंय ते कळतं, वाक्याचा ओघ कळतो. पण 'स' चा जो सळसळता भाग आहे त्यातला बराचसा ४,००० हर्ट्झच्या वर असतो. तो तारेपलीकडे जातच नाही. तरुण कान उरलेलं संदर्भानं भरून काढतो. नुसता आकडा सांगितला तर संदर्भ कुठून आणायचा? साठ मधला स गेला की आठच उरतो.

फोरजीवरून होणारा कॉल, ज्याला व्होल्टी म्हणतात, तो रुंद पट्ट्याचा आवाज पाठवू शकतो, साधारण ५० ते ७,००० हर्ट्झ. स चं बरंच काही त्यात बसतं. त्यासाठी दोन्ही बाजूंचे फोन आणि नेटवर्क तयार असावे लागतात.

दोन वर्षं आम्ही तिला कान तपासायला सांगत होतो. आज तिला तो वीसपैकी वीसचा कागद दाखवला. तिनं तो घडी करून पुस्तकात ठेवला. काही बोलली नाही. मी तिची क्षमा मागितली.

२८ ऑगस्ट

आता फोन. अटी तीनच पक्क्या: बँड २८, ब च्या नेटवर्कवर व्होल्टी, आणि सुरक्षेची अपडेट पुढे किमान पाच वर्षं.

अपडेटबद्दल लिहून ठेवते, कारण इथं फसगत सहज होते. '४ वर्षं अपडेट' हे बहुतेक वेळा फोन बाजारात पहिल्यांदा आला त्या दिवसापासून मोजतात, आपण विकत घेतला त्या दिवसापासून नाही. दोन वर्षांपूर्वीचा फोन सवलतीत मिळतो तेव्हा त्यातली दोन वर्षं कुणीतरी आधीच खर्च केलेली असतात. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला ७ वर्षांची हमी दिली गेली, तेव्हापासून हा आकडा लोक विचारू लागले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच आहे: मॉडेलची विक्री थांबल्यानंतर किमान ५ वर्षं अपडेट, आणि बॅटरी ८०० आवर्तनांनंतरही मूळ क्षमतेच्या किमान ८० टक्के राहिली पाहिजे. त्यामुळे तिथं विकल्या जाणाऱ्या फोनांच्या लेबलवर बॅटरीच्या आवर्तनांचा आकडा छापलेला सापडतो, आणि तो कुणालाही वाचता येतो. मी तिथूनच सुरुवात केली.

८०० आवर्तनं म्हणजे किती? आवर्तन म्हणजे एकूण १०० टक्के वापर, एकदा चार्जरला लावणं नव्हे. आई दिवसाला ६० टक्के वापरेल असं धरलं तर ८०० भागिले ०.६, सुमारे १,३३० दिवस, साडेतीन वर्षांहून जास्त. पुरेसं.

बँकेचं अ‍ॅप, ओटीपी, सगळं या एका वस्तूवर आहे. अपडेट थांबलेला फोन मी तिच्या हातात देणार नाही, कॅमेरा कितीही चांगला असो.

३१ ऑगस्ट, आईकडे

वजन. माझा फोन कव्हरसकट २२८ ग्रॅम, दादाचा १८७. दोन्ही तिला वीस-वीस मिनिटं कानाला धरायला लावले, गप्पा मारत. २२८ वाला तिनं तेराव्या मिनिटाला दुसऱ्या हातात घेतला, १८७ वाला शेवटपर्यंत धरला. ४१ ग्रॅमचा फरक मनगटाला कळतो. कव्हरसह २०० च्या आत.

बोटाचा ठसा. काचेखालचा सेन्सर तिचा अंगठा पाचातून दोनदा ओळखतो, त्वचा कोरडी आहे. बाजूच्या बटणातला सेन्सर पाचही वेळा उघडला. बाजूचंच बटण.

कॅमेरा. तिला देखावे टिपायचे नाहीत. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत संपायची तारीख वाचता येत नाही, तिचा फोटो काढून मोठा करून बघते. बिलं काढून मला पाठवते. म्हणून चाचणी एकच: पाकीट १२ सेंटिमीटरवर धरायचं आणि ठशातली तारीख स्पष्ट आली पाहिजे.

४ सप्टेंबर

तीन फोन उरले. बाकीच्या आकड्यांवर थोडक्यात.

५० मेगापिक्सेलचा म्हणून जो कॅमेरा सांगतात तो बहुधा चार-चार पिक्सेल एकत्र करून १२.५ चाच फोटो देतो, आणि तो चांगलाही येतो. शेजारचं २ मेगापिक्सेलचं मॅक्रो, म्हणजे जवळून टिपायचं, भिंग आईच्या पाकिटाला मुख्य कॅमेऱ्याहून वाईट निघालं. रॅम म्हणजे चालू कामांसाठीची फोनची मेमरी. वाढीव रॅम म्हणजे साठवणीतलाच तुकडा रॅमसारखा वापरणं. खऱ्या रॅमचा आकडा बघायचा, सहा जीबी हवी. साठवण १२८ जीबी, जुन्या, संथ ईएमएमसी प्रकारची नको, वेगवान यूएफएस हवी, नाहीतर दोन वर्षांत प्रत्येक टॅपला थांबावं लागतं. पाण्यापासून संरक्षण: आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही गोड्या पाण्यात आणि नव्या फोनला. तिघांपैकी दोघांना फक्त शिंतोड्यांपुरतं आहे. चालेल.

फाइव्हजी आहे का? तिघांनाही आहे. मी ते निवडीत धरलं नाही.

७ सप्टेंबर

पहिला फोन घेतला. *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बघितला, खोक्यावरच्या आणि पावतीवरच्या १५ अंकांशी ताडला. दोन सिमांचा फोन, म्हणून दोन क्रमांक. दोन्ही वहीच्या शेवटच्या पानावर उतरवले. हरवला तर बंद करायला हेच लागतात, आणि तेव्हा फोन हातात नसतो.

८ सप्टेंबर

दादाचं सिम या फोनमध्ये घातलं. इंटरनेट उत्तम, बँड २८ पकडला. कॉल लावला आणि चिन्ह खाली उतरलं.

खोक्यावर व्होल्टी लिहिलंय. सेटिंगमध्ये तो पर्यायच दिसत नाही. सिम पुन्हा घातलं, नेटवर्कची सेटिंगं पूर्ववत केली, अपडेट टाकलं. नाहीच.

११ सप्टेंबर

फोन मुदतीत परत केला. विकणाऱ्यानं आधी, "नेटवर्कला विचारा," म्हटलं, नेटवर्कनं, "फोनवाल्याला विचारा." दोघांच्या मधून वाट काढायला तीन दिवस गेले. जे कळलं ते असं: फोनला व्होल्टी येणं आणि त्या नेटवर्कनं त्या मॉडेलला व्होल्टी चालू करून देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नेटवर्कची स्वतःची तपासलेल्या मॉडेलांची यादी असते. मी घेतलेला प्रकार दुसऱ्या बाजारपेठेसाठीचा होता आणि यादीत नव्हता.

हे किरकोळ नाही. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या ऑक्टोबरअखेर थ्रीजी बंद झालं तेव्हा नेमका हाच प्रश्न उभा राहिला: काही फोनांचे नेहमीचे कॉल फोरजीवर व्हायचे, पण आपत्कालीन कॉल मात्र थ्रीजीवरच जायचा. असे फोन तिथल्या नेटवर्कांना बंद करावे लागले. आई एकटी राहते. रात्री दोनला तिनं मदतीचा क्रमांक फिरवला तर तो लागला पाहिजे, या एका कारणासाठीही यादी बघायची.

माझा क्रम चुकला होता. मी बँड तपासला, नेटवर्कची यादी तपासली नाही. वर ५ ऑगस्टला लिहिलेल्या क्रमात भर घालते: नेटवर्क, त्याची यादी, प्लॅन, फोन.

१५ सप्टेंबर

यादीत असलेला दुसरा फोन. १८४ ग्रॅम, बाजूचं बटण, पाकिटावरची तारीख पहिल्या फोटोत वाचली. दादाच्या सिमवर कॉल लावला, चिन्ह फोरजीवरच राहिलं. आतल्या खोलीत नेऊन बघायचं बाकी.

ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं सिम, चालतं यात. घेणार नाही. फोन पडून फुटला तर प्लास्टिकचं सिम शेजारच्या काकूही काढून दुसऱ्या फोनमध्ये घालू शकतील. ई-सिम हलवायला बहुधा इंटरनेट लागतं आणि जुना फोन चालू असावा लागतो. माझ्यासाठी घेतलं असतं, आईसाठी नाही.

१८ सप्टेंबर

क्रमांक तोच ठेवून अ वरून ब वर जाण्याची विनंती टाकली. त्याआधी आईच्या बँकेची दोन कामं उरकून घेतली, कारण बदलाच्या मधल्या तासांत ओटीपी येणार नाही. अ वर चार दिवसांची मुदत उरली होती, ती सोडली.

२० सप्टेंबर, आईकडे

सकाळी जुनं सिम मेलं, अकराला नवं जागं झालं. २८ दिवसांचा रिचार्ज केला.

नवं सिम, नवा फोन, तीच खुर्ची. उणे १०४. दादानं त्याच्या घरून फोन केला आणि वीस शब्दांची यादी वाचली, नव्या क्रमानं. आई लिहीत गेली. वीसपैकी एकोणीस. चुकला तो 'थर'.

मग मी खाली रस्त्यावर जाऊन माझ्या फोनवरून, अ नेटवर्कवरून वाचली. दोन वेगळ्या नेटवर्कांच्या मध्ये रुंद आवाज टिकेल की नाही याची खात्री नसते. अठरा. टिकला.

वर आले तेव्हा ती कागद घेऊन दारात उभी होती. "साठ," म्हणाली, "पहिलाच शब्द. स्पष्ट."

२१ सप्टेंबर

मांडणी. अक्षरं मोठी, पण तिच्या हातात फोन देऊन तिनं 'बास' म्हणेपर्यंतच. आपत्कालीन संपर्कात मी, दादा, शेजारच्या काकू. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबेल अशी मर्यादा. लिथियम-आयन बॅटरीला भरलेलं राहणं आणि ऊन दोन्ही सोसत नाही. ग्रुपचे फोटो आपोआप उतरणं बंद. साठ्याच्या ६ जीबीला इशारा.

सिमला पिन लावला. फोन चोरीला गेला तरी सिम दुसऱ्यात घालून ओटीपी वाचता येऊ नये. तीन वेळा पिन चुकला की पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा नेटवर्कचा क्रमांक, लागतो, आणि तोही दहा वेळा चुकला तर सिम कायमचं निकामी. पीयूके वहीत, आयएमईआयच्या खाली.

जुना फोन पुसून, बॅटरी न काढता, ई-कचऱ्यात द्यायला बाजूला ठेवला.

१७ ऑक्टोबर

२८ दिवस पूर्ण. डेटा ५.३ जीबी. रात्री झोपताना बॅटरी सरासरी ३५ टक्के उरलेली, तेही ८० वरून सुरुवात करून. कॉल तुटल्याची नोंद एक, वीज गेली त्या संध्याकाळी, तेव्हा टॉवरच बंद होता.

उद्यापासून ८४ दिवस, २४ जीबी एकगठ्ठा. वर्षभराचा प्लॅन रोजाच्या हिशेबात थोडा स्वस्त पडतो, पण नेटवर्क बदलायची वाट मला मोकळी हवी. पावसाळ्यात आतल्या खोलीत पुन्हा मोजायचं आहे.

१९ ऑक्टोबर

काल रात्री आईचा फोन आला. आतून. एका पुस्तकातली दोन पानं तिनं मला वाचून दाखवली, मग शाळेतल्या तिच्या मैत्रिणीबद्दल बोलत राहिली, जिचं नावही मी आजवर ऐकलं नव्हतं. ठेवल्यावर बघितलं तर ४७ मिनिटं.

पुढचा रिचार्ज ९ जानेवारीच्या आत. आठवण ५ जानेवारीला लावली आहे, माझ्या फोनवर आणि दादाच्याही.